विहीणबाईंना मैत्री

किन्हवली,
रविवार, २० जुलै २०२५

विहीणबाई हिराबाईंना काशीचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. सगळी खुशाल हायत. भूमिका बरी हाय, तुमची नात पण बरी हाय. आता हुंकार देते आणि माझ्या पदराचं टोक चोखत बसते.

सरळगाव काय लांब नाय, एसटीनं तासाच्या आतलं. फोन तर हाताशीच असतो. तरी पत्र का, ते सांगते. गेल्या सोमवारी फोनवर आपलं जे झालं ते आमच्या अख्ख्या आळीनं ऐकलं. तुमी म्हणालात, पाचवीच्या पूजेला आले तेवा माझी सून निम्मी झाली होती. मी म्हटलं, तुमच्याकडं होती तेवा तरी कुठं दुप्पट होती? मग बाळाच्या नावावरनं झालं. तुमाला हर्षाली पायजे, मला मनस्वी. बाळ अडीच महिन्यांचं झालं, बारसं नाय, नाव नाय, आणि तुमी फोन आपटलात.

त्या टायमाला रविना दारात उभी होती. रविना म्हंजे आमच्या बौद्धवाडीतली आशाताई, बाळाचं वजन करायला येते. ती म्हणाली, "काशीकाकू, रविवारी आमच्या विहारात या. एक भन्ते आलेत. पावसाचे महिने मुरबाडच्या विहारात मुक्कामाला हायत, रविवारी सकाळी आमच्याकडं बोलायला येतात. ध्यान शिकवतात, राग कसा जातो ते सांगतात."

मी म्हटलं, "मला कुठं गो राग येतो?" ती बाळाकडं बघून हसली.

गेले. इतकी वर्षं त्या वाडीवरनं शेताला जाते, पण आत बसून चहा पयल्यांदा घेतला. चहा चांगला होता. भन्ते तरणे हायत, वऱ्हाडाकडचे. "डोळे मिटून राहा, श्वास पाहून राहा," असं बोलतात. मी आपली विचार करत होते, राहायचं तरी कुठवर?

त्यांनी मैत्री शिकवली. आधी स्वतःला म्हणायचं, सुखी राहा, निर्वैर राहा. मग आपल्या लाडक्या माणसाला. मग ज्याच्याशी देणं ना घेणं अशाला. आणि शेवटी, ज्याचं नाव काढलं की कपाळाला आठी पडते असं एक कठीण माणूस निवडायचं आणि त्याचं भलं चिंतायचं. मी तुमाला निवडलं. फार शोधावं लागलं नाय.

भन्ते असं पण म्हणाले, की रागात असाल तर फोन करू नका, पत्र लिहा. हात जिभेपेक्षा हळू चालतो. म्हणून हे पत्र. जावईबापूंच्या हातानं पाठवते, दर रविवारी मोटारसायकलनं येतातच ते.

बारशाचं काय ते कळवा. सुखी राहा.

काशी


सरळगाव, ता. मुरबाड
दि. २४ जुलै २०२५

सौ. काशीबाई निमसे यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. मजकूर समजला. अंगणवाडीत आयुष्य घालवून मी निवृत्त झाले आहे. पालकांचे पुष्कळ तक्रारअर्ज वाचले, पण मैत्रीच्या नावाखाली इतका अपमान मला कोणी लेखी कळवला नव्हता. मी कठीण माणूस?

आपल्या माहितीसाठी, आपण ज्या भन्तेजींचे कौतुक लिहिता त्यांच्या मुरबाडच्या प्रवचनाला मी पहिल्या शनिवारपासून जाते. गुडघ्यांमुळे मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलेली असते. मैत्री मलाही येते. रोज पहाटे मी ती आपल्याला पाठवते. आणि मी आपल्याला कठीण माणसांत धरलेले नाही. तिसऱ्या गटात धरले आहे. देणे ना घेणे.

दोन मुद्दे. एक, हरेश रविवारी आपल्याकडे जेवतो आणि सोमवारी दुपारपर्यंत माझ्या हातचे काही खात नाही. जावयाला वाढायची काही मर्यादा असावी. दोन, बारशाचे आमंत्रण मुलाच्या आईला असे मोटारसायकलवरून पाठवत नसतात. व्याह्यांनी स्वतः नारळ घेऊन यावे. मग विचार करू.

तिथे चहा घेतलात हे बरे केलेत. मीही घेते.

आपली,
श्रीमती हिराबाई हरड


किन्हवली,
रविवार, ३ ऑगस्ट

विहीणबाई,

देणं ना घेणं? लेक दिलीय मी तुमाला!

पण ते राहू द्या. आज दुसरं सांगायचंय. काल तुमच्या म्हणण्याप्रमाणं ह्यांना नारळ देऊन पाठवलं. लावणी नुकती उरकलेली, पाठ धरलेली, तरी धुतलेला सदरा घालून गेले. सांजच्याला रिकामी पिशवी घेऊन परत.

मी विचारलं, "नारळ दिलात?"

म्हणाले, "पोचला."

"काय बोलल्या?"

"काय नाय."

"चहा?"

"नाय."

"निदान पाणी?"

"नाय गो. झालं आता."

भूमिकाचे बाबा किती बोलतात तुमाला ठावकी हाय. कोंडू निमशाच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा विहिरीतनं बादली काढणं सोपं. असा गरीब माणूस पाण्यावाचून परत धाडलात? आज सकाळी भन्ते म्हणाले, कठीण माणसाचं हसरं तोंड डोळ्यांपुढं आणा. मी पुष्कळ वेळ बसले. आलंच नाय.

काशी


सरळगाव
दि. ७ ऑगस्ट

काशीबाई,

आरोप निराधार आहे. शनिवारी मी दुपारपासून मुरबाडला प्रवचनाला होते. घराला कुलूप होते. परत आले तेव्हा ओसरीवर ना व्याही, ना नारळ. मग तो पोचला कोणाला?

त्या दिवशी माझे ध्यानही धड झाले नाही. भन्तेजी म्हणाले, आता फक्त श्वासाचा आवाज ऐका, आणि नेमके माझ्या मागे कोणीतरी घोरायला लागले. सुरुवातीला मांजरासारखे. मग पिठाची गिरणी. मी मागे वळून पाहिले नाही, कारण डोळे उघडायचे नसतात. पण डोळे मिटूनच संयोजकांकडे तोंडी तक्रार केली. भन्तेजी म्हणाले, "झोपू द्या बाई, थकून आला असेल माणूस. त्याच्या मनात आता कोणाचं वैर नाही." सगळे हसले. मी नाही हसले.

दिवसात चांगली गोष्ट एकच झाली. ध्यान चालू असताना मागे खीर शिजत होती. ओले खोबरे घातलेली, ताज्या नारळाची. मी गोड खात नाही, पण दोन वाट्या घेतल्या.

व्याह्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पाणी विचारले नाही असे पुन्हा लिहू नये.

हिराबाई


किन्हवली,
१० ऑगस्ट

विहीणबाई, हे पत्र बसून वाचा.

तुमचं पत्र मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. घोरण्यापाशी आले तसे हे उठून गोठ्यात गेले. मी मागनं गेले. म्हशीच्या आडून सगळं बाहेर आलं.

तुमच्या घराला कुलूप बघितलं. शेजारणीनं सांगितलं, मुरबाडला विहारात गेल्यात. हे तसेच एसटीनं पुढं. विहाराच्या दारात एका बाईनं विचारलं, "दान का?" ह्यांना काय बोलावं सुचलं नाय, "हो" म्हणाले. तिनं नारळ घेतला नि आत नेला. हे तुमच्या मागं जाऊन बसले. तुमचे डोळे मिटलेले. म्हणे, उघडले की आमंत्रण सांगू. वर पंखा, आजूबाजूला सगळं शांत, आणि लावणीनं मोडलेलं अंग. जाग आली तेवा लोकं हसत होती. लाजेनं तिथनं उठले ते सरळ एसटीत.

म्हंजे तुमच्या मागं चाललेली गिरणी तुमच्या व्याह्यांची. आणि तुमी खाल्लीत ती खीर तुमच्याच आमंत्रणाच्या नारळाची. दोन वाट्या! आता ते आमंत्रण परत करता येत नाय. कधी येताय बोला.

काशी


सरळगाव
दि. १४ ऑगस्ट

काशीबाई,

पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. हरेश कंपनीतून आला, त्याला वाटले रडते आहे. आमंत्रण स्वीकारले असे समजावे. व्याह्यांना नमस्कार सांगा, तक्रार मागे घेतली आहे.

पण हसून झाल्यावर दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पाचवीच्या दिवशी तुमच्या घरी आत पूजा चालली होती. मी दारात उभी होते. हरेशचे वडील गेल्यापासून अशा वेळी मला पुढे कोणी घेत नाही, मीही जात नाही. त्या दिवशी मात्र वाटले होते, पहिली नात आहे, आतून कोणीतरी हाक मारेल. कोणी मारली नाही. दारात उभे राहिलेले माणूस काहीतरी टोचून बोलते. सुनेच्या वजनाचे मी फोनवर बोलले ते त्यातूनच.

दुसरे. पहिलटकरीण तीन महिन्यांनी सासरी येते. मला वाटते, भांडण मिटायला तुम्हालाच नको आहे. भांडण आहे तोवर भूमिका तुमच्याकडे आहे. चूक असेल तर सांगा.

हिराबाई


किन्हवली,
८ सप्टेंबर

विहीणबाई,

गौरी येऊन गेल्या, गणपती गेले, तुमाला उत्तर नाय लिहिलं. दुसऱ्या गोष्टीवर रागावले होते आणि पयल्या गोष्टीवर बोलायला तोंड नव्हतं.

मी भूमिकाला विचारलं, "पाचवीला तुझी सासू दारात होती?" ती म्हणाली, "होती. तू पाट घेऊन तिच्या बाजूनं दोनदा गेलीस." मला खरंच दिसल्या नाय हो तुमी. आमच्याकडं तशीच सवय. विधवा बाई दारात उभी राहते नि आमी पाट घेऊन बाजूनं जातो.

राग आला तरी विहारात जायची मी थांबले नाय. एका रविवारी सगळे उठल्यावर भन्तेंना विचारलं, "लेक जवळ असावी असं वाटतं, ही पण मैत्रीच ना?"

ते म्हणाले, "तुम्ही तिला 'सुखी हो' म्हणून राहिल्या, की 'माझ्यापाशी सुखी हो' म्हणून राहिल्या?"

मी म्हटलं, "शेतात काम हाय," आणि निघून आले. शेतात काय काम नव्हतं. भात पोटरीला आलंय, लोंब्या फुटायच्या बेतात, पाणी भरलेलं. बांधावर नुसती बसून राहिले.

भूमिका दसऱ्याच्या आत तुमच्याकडं येईल. आणि बाळाचं नाव हर्षाली ठेवा. तुमचा मान.

काशी


सरळगाव
दि. ११ सप्टेंबर

काशीबाई,

तुमचे पत्र मी उशीखाली ठेवले आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नाव मात्र मनस्वीच ठेवायचे. बाळंतपणात तुम्ही तिच्या आईसाठी जीव टाकलात, नंतर बाळाला अंगाखांद्यावर घेतलेत. हक्क तुमचा.

हिराबाई


किन्हवली,
१४ सप्टेंबर

नाय. हर्षाली.

काशी


सरळगाव
दि. १५ सप्टेंबर

मनस्वी. माझ्या मैत्रीला आपण कमी लेखू नये. हरेशला आज मुद्दाम रजा टाकून पाठवले आहे, त्याच्याबरोबरच होकार पाठवावा.

हिराबाई


किन्हवली,
१६ सप्टेंबर

आई आणि आई,

हेच पत्र दोघींना देते आहे. मजकूर सारखाच आहे, ताडून बघू नका.

काल हरेश कंपनी बुडवून एका शब्दाचं पत्र घेऊन आला. आल्या आल्या इथल्या आईनं त्याला जेवायला वाढलं आणि दुसऱ्या एका शब्दाचं उत्तर हातात दिलं. त्यानं ते नेलं नाही. ओट्यावर बसून मला म्हणाला, "या दोघी भांडत होत्या तेव्हा बरं होतं. निदान सुट्टीच्या दिवशी भांडायच्या."

आधी तुमचं पटत नव्हतं म्हणून बाळाला नाव नव्हतं. आता तुमचं फार पटतं म्हणून नाही. जगातल्या सगळ्या जिवांचं भलं चिंतून झालं असेल तर घरातल्याकडे बघा. मी माहेरी बसून दोन्ही घरांची पत्रं वाचते, आणि कुठल्या घरची ते मलाच समजेनासं झालंय. मला माझ्या नवऱ्याबरोबर राहायचं आहे. त्याच्याशी निवांत बोलून पाच महिने झाले. येतो तेव्हा एक तर तो जेवत असतो, नाहीतर टपाल वाटत असतो.

तर मी ठरवलं आहे. पितृपक्ष संपून घट बसले की रविवारी, अठ्ठावीस तारखेला, इथे बारसं. मंगळवारी मी सरळगावला जाणार. नाव मी आणि हरेशनं ठरवलं आहे, ते त्याच दिवशी कळेल. "मैत्री" नाही. या पावसाळ्यात वाडीत त्या नावाच्या दोन झाल्या.

तुमची,
भूमिका


सरळगाव
दि. ६ ऑक्टोबर

प्रिय काशीबाई,

भूमिका आणि बाळ आल्यापासून आज लिहायला सवड झाली. दोघी बऱ्या आहेत. बारशाचे मनात राहिले आहे, ते आधी लिहिते.

मी त्या दिवशीही दाराशीच थांबले होते. सवयीने. तुम्ही सगळ्यांमधून उठून आलात, मनगटाला धरून मला पाळण्यापाशी नेलेत आणि बाळ माझ्या हातात दिलेत. "पयल्यांदा आजी घालेल पाळण्यात." तुमच्या जाऊबाईंनी तोंड वाकडे केले. तुम्ही तिकडे पाहिलेसुद्धा नाही. बाळ खाली ठेवताना मला भीती वाटली. तुम्ही खालून हात लावलात.

 

मग नाव कळले. त्विशा! त्या क्षणी आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिले. तुमच्या तोंडावर जे होते तेच माझ्या तोंडावर असणार. अर्थ प्रकाश असा आहे म्हणे. असू दे. व्याही "तुईशा" म्हणतात, मी घरी सराव करते तर कवळी सुटते. मी तिला बाय म्हणते. तुम्हीही बायच म्हणता, असे भूमिका सांगते.

आता अडचण. दिवे लागले की बाय रडायला लागते. पोट दुखत नाही, भूक नसते, डॉक्टरांना दाखवले. भूमिका म्हणते, या वेळेला तिकडे तुम्ही तिला घेऊन अंगणात फिरत होतात. मी फिरले. माझ्या गुडघ्यांची चाल तिला पसंत नाही. भन्तेजींनी सांगितलेली मैत्री तिच्यावर करून पाहिली, जवळ बसून, डोळे मिटून. ती आणखी जोरात रडली. शनिवारी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, लेकराजवळ डोळे मिटून काय बसून राहिल्या? उघडा आणि पाहा तिला काय पाहिजे ते."

डोळे उघडून पाहिले. तिला तुम्ही पाहिजे आहात.

चार दिवस या. आमंत्रणाचा नारळ वगैरे काही पाठवत नाही. या.

हिरा


सरळगाव,
रविवार, १२ ऑक्टोबर

अहो,

मी सुखरूप हाय. चार दिवस सांगून आले होते, ते झाले. भात पिवळं पडलंय, कापणीची माणसं बघायचीत, सगळं ध्यानात हाय. वसुबारसेला येते. तोवर शेजारच्या महादूच्या घरनं भाकरी येतील, मी त्याच्या बायकोला बोलून ठेवलंय. म्हशीला ओलं गवत फार घालू नका.

हिराबाई चांगल्या हायत, पण सगळं अंगणवाडीसारखं. बायला दूध किती वाजता, मालिश किती वाजता. मी तेल गरम केलं की बोट घालून बघतात. मी म्हटलं, "तीन पोरं वाढवलीत मी." त्या म्हणाल्या, "मी गावाची वाढवलीत." पयल्या दिवशी दोनदा वाजलं. मग त्यांनीच चहा टाकला.

कालचं सांगते. दिवेलागणीला बायनं सूर धरला. मी घेऊन अंगणात फिरले, जरा थांबली, परत सुरू. हिराबाईंनी खुर्चीतनं त्यांचं अंगणवाडीचं बडबडगीत म्हणायला घेतलं, टाळ्या वाजवून. मला ते आवडेना, मी आपली अंगाई म्हटली. त्या थांबेनात, मी पण थांबेना. दोघी एका वेळी, दोन चालींत, एकमेकींपेक्षा मोठ्यानं. बाय एकदा त्यांच्याकडं बघी, एकदा माझ्याकडं. रडायचंच विसरली. समोरची माणसं बाहेर आली बघायला.

भूमिका नि जावईबापू दारात उभी राहून हसत होती. मी म्हटलं, "जा रे, जरा फिरून या दोघं. आमी हाव." बाळ झाल्यापासनं पयल्यांदा दोघं मोटारसायकलवर बसून गेली. जाताना भूमिकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी उगाच बायचं झबलं नीट केलं.

मग बाय झोपली. तिच्याजवळ मी जरा अंग टाकलं, पलीकडून हिराबाईंनी टाकलं. कडी मीच आतनं लावली होती, कुत्रं आत येतं म्हणून. तिघींना कधी डोळा लागला ते समजलं नाय. पोरं परत आली, कडी वाजवून दमली. बाय उठेल म्हणून हाक पण मारेनात. शेवटी पायरीवर बसून, येताना घेतलेली भजी खात गप्पा मारत बसली. मला जाग आली तेवा बाहेरनं भूमिकाचं हसू ऐकू आलं. इतकी मोकळी हसताना तिला किती दिवसांत ऐकलं नव्हतं. मग उठून दार उघडलं. मला फार ओशाळं झालं.

हिराबाई विचारतात काय लिहिताय. नमस्कार लिहा म्हणून कागद त्यांच्याकडं देते.

काशी

व्याहीसाहेबांना स. न. कळावे की काशीबाईंना मी धरून ठेवलेले नाही, त्या स्वतःच बसची वेळ विचारत नाहीत. आणि त्यांना सांगू नका, पण कडी वाजलेली मी ऐकली होती. मी जागीच होते. म्हटले, बसू देत दोघांना जरा वेळ.

हिराबाई